पॅकेज बसलं नाही, मग पुढे काय?

मागच्या सत्रात आपल्या मंडळाने ‘ऐनवेळची कथा’ स्पर्धा घेतली. नियम सोपा होता. विषय तिथेच मिळणार, दीड तास, आणि कथा मराठीत कॉम्प्युटरवर टाइप करायची. लॅबमध्ये 24 कॉम्प्युटर, सगळे जुने, म्हणून त्यांच्यावर डेबियन ही हलकी लिनक्स आहे. त्यांवर मराठी टायपिंगची सोय आदल्या संध्याकाळी करायची होती आणि ते काम मी अंगावर घेतलं. मी साहित्याची विद्यार्थिनी. पण लॅब सांभाळणारे भाऊ मला वर्षभर थोडंथोडं शिकवत होते, त्यामुळे हात शिवशिवत होते.

एकाच कॉम्प्युटरवर बसून 24 ठिकाणी काम करायचं साधन आमच्याकडे होतं. त्याचं नाव अ‍ॅन्सिबल. मी एक यादी लिहिली, कमांड दिली, आणि 19 मशीनवर काम झालं. पाचवर लाल अक्षरं आली. साडेसहा वाजले होते. शिपाईकाका किल्ल्या वाजवत दारात उभे होते. मी इंटरनेटवर शोधून यादीत एक ओळ वाढवली, ‘इग्नोर एरर्स, येस’. पुन्हा चालवलं. शेवटचा तक्ता हिरवागार. सरांना मेसेज केला, ‘सर, सगळं झालं.’

सकाळी पाच मुलं बसली त्या कॉम्प्युटरवर मराठी उमटेना. तिघांना आम्ही दुसरीकडे सरकवलं, एकाने रोमन लिपीत लिहिलं. लिंबायतहून येणाऱ्या एफवायच्या एका मुलीने रफ पानाच्या मागे पेनाने कथा लिहून काढली. अहिराणी संवाद असलेली कथा होती ती. टाइप करायला तिला वेळच उरला नाही, आणि नियमाप्रमाणे ती स्पर्धेतून बाहेर गेली.

त्या दिवसापासून मला एक प्रश्न पडला होता. मशीनने खोटं सांगितलं, की मी तिला खोटं सांगायला लावलं? त्याचं उत्तर शोधताना जे समजलं ते इथे मांडते. कॉम्प्युटरवाल्या वर्गमित्रांना यातलं बरंच माहीत असेल. हा लेख बाकीच्यांसाठी आहे.

पॅकेज म्हणजे काय, आणि ते अडतं कुठे

लिनक्सवर एखादा प्रोग्राम बसवायचा तर तो ‘पॅकेज’ या रूपात येतो. पॅकेज म्हणजे बांधलेलं गाठोडं. त्यात फाइली असतात, त्या कुठे ठेवायच्या ते लिहिलेलं असतं, आणि ‘मी चालायला आधी अमुक अमुक लागेल’ अशी यादी असते. आम्हाला दोन गाठोडी हवी होती. एक आयबस-एम17एन, ज्यातून मराठीचे इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक कीबोर्ड मिळतात. दुसरं लोहित देवनागरी हा फॉन्ट. लोहित म्हणजे लाल. रेड हॅट कंपनीने 2004 मध्ये हे फॉन्ट मुक्त परवान्याखाली खुले केले, नाव तिथूनच आलं. याच रेड हॅटने 2015 मध्ये अ‍ॅन्सिबलची कंपनी विकत घेतली, आणि तिचं एक मोठं ऑफिस पुण्यात आहे. म्हणजे आमच्या उधन्याच्या लॅबमधला फॉन्ट आणि तो बसवणारं साधन, दोन्ही एकाच घरचे निघाले.

बसवणं हे एक काम वाटतं, पण त्यात चार-पाच पायऱ्या असतात. पहिल्यांदा ‘ॲप्ट’ हा प्रोग्राम सर्व्हरवरच्या पॅकेजांची यादी पाहतो. मग कशासोबत काय लागेल ते जुळवतो. मग गाठोडी डाउनलोड करतो. पुढे ‘डीपीकेजी’ नावाचा खालचा प्रोग्राम ती उघडून फाइली जागेवर ठेवतो. शेवटी पॅकेजसोबत आलेली छोटी स्क्रिप्ट चालते आणि सगळं मार्गी लावते.

यातली कुठलीही पायरी घसरू शकते. नेट गेलं. यादी जुनी झाली. डिस्क भरली. दुसराच एखादा प्रोग्राम त्याच वेळी पॅकेज बसवत होता. हा शेवटचा प्रकार फार नेहमीचा आहे. दोघांनी एकदम नोंदवहीत लिहू नये म्हणून डीपीकेजी एक लॉक ठेवतो. पहिला आत असेल तर दुसऱ्याला कुलूप दिसतं. आपोआप होणारे सुरक्षा अपडेट मागे चालू असले, की तुमची कमांड हमखास या कुलपावर आपटते.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे अर्ध्यावर थांबणं. फाइली ठेवून झाल्या, पण शेवटची स्क्रिप्ट पडली, तर डीपीकेजी त्या पॅकेजपुढे ‘हाफ-कॉन्फिगर्ड’ अशी नोंद करतो. ते बसलेलंही नसतं आणि न बसलेलंही नसतं. ते मार्गी लागेपर्यंत पुढची पॅकेजंही कुरकुरत राहतात.

यादी लिहिणारी साधनं

एक कॉम्प्युटर असेल तर माणूस समोर बसून हे सगळं निस्तरतो. 24 असले तर कंटाळतो. 2400 असले तर अशक्यच. म्हणून कॉन्फिगरेशन मॅनेजमेंटची साधनं आली. नॉर्वेतल्या ओस्लो विद्यापीठात मार्क बर्जेस यांनी 1993 मध्ये सीएफइंजिन लिहिलं. पुढे 2005 मध्ये पपेट, 2009 मध्ये शेफ, 2011 मध्ये सॉल्ट आणि 2012 मध्ये अ‍ॅन्सिबल आलं.

अ‍ॅन्सिबल हा शब्द आपल्या खात्यातला आहे, म्हणून सांगते. उर्सुला के. ले ग्विन या लेखिकेने तो 1966 मधल्या ‘रोकॅनन्स वर्ल्ड’ या कादंबरीत घडवला. ताऱ्यांमधल्या अंतरावरून क्षणात निरोप पोहोचवणारं यंत्र, असा त्याचा अर्थ. नंतर इतर विज्ञानकथा लेखकांनी तो उचलला आणि तिथून तो या सॉफ्टवेअरला मिळाला.

या साधनांची मूळ कल्पना एकच. तुम्ही ‘हे कर’ असं सांगत नाही, ‘हे असं असायला हवं’ असं लिहून देता. ‘लोहित फॉन्ट बसलेला असावा.’ साधन आधी बघतं. बसलेला असेल तर हात लावत नाही, नसेल तर बसवतं. त्यामुळे तीच यादी दहा वेळा चालवली तरी नुकसान नाही. आईने ‘अंगण झाडलेलं असू दे’ म्हटलं, आणि ते आधीच झाडलेलं असेल तर परत झाडू घ्यायची गरज नाही, तसंच.

हा गुण अपयशाच्या वेळी फार उपयोगी पडतो. काम मध्येच तुटलं तर ‘कुठपर्यंत आलो होतो’ हे आठवावं लागत नाही. कारण दूर करा आणि यादी पुन्हा पहिल्यापासून चालवा. झालेलं तसंच राहतं, राहिलेलं होतं.

धागा तुटल्यावर

पण तुटलं त्या क्षणी काय करायचं? इथे प्रत्येक साधनाचा स्वभाव वेगळा आहे. समजायला उधन्याचंच उदाहरण घेते.

आपल्याकडे खानदेशातून आलेल्या कितीतरी घरांत कुणी ना कुणी लूमवर काम केलेलं असतं. त्यांना विचारा. लूमवर ‘वेफ्ट फोर्क’ नावाचा एक छोटा काटा असतो. आडवा धागा, म्हणजे बाणा, तुटला की काट्याला तो लागत नाही आणि लूम स्वतःहून थांबतो. काही लूमवर ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर पत्र्याची बारीक पट्टी लटकवलेली असते. धागा तुटला की ती खाली पडते आणि मशीन बंद. जपानच्या साकिची टोयोडा यांनी 1924 मध्ये जो स्वयंचलित माग आणला, त्यात धागा तुटताच थांबण्याची ही युक्ती मुख्य होती. पुढे टोयोटाच्या मोटारीच्या कारखान्यांनीही तोच नियम घेतला, की दोष दिसला तर तिथेच थांबायचं.

लूम थांबला नाही तर काय होतं? तो चालत राहतो, मीटरामागून मीटर कापड निघतं, आणि सगळ्यात तीच चीर.

आता शेडमधला एक लूम थांबला म्हणून बाकीचे बंद करायचे का? अ‍ॅन्सिबलचं उत्तर आहे, नाही. ज्या मशीनवर काम पडलं तिला तो त्या फेरीतून बाहेर काढतो आणि उरलेल्या मशीनवर पुढची कामं चालू ठेवतो. माझ्या 24 पैकी 19 वर सगळं नीट झालं ते यामुळेच. तुम्हाला हवं तर स्वभाव बदलता येतो. ‘एकही पडलं तर सगळे थांबा’ असं सांगता येतं. किंवा ‘इतक्या टक्क्यांपेक्षा जास्त पडले तर थांबा’ असंही. शेकडो सर्व्हरवर बदल करणारे लोक आधी चार-पाचच मशीन घेतात, तिथे नीट झालं तर पुढची तुकडी.

पपेट वेगळ्या दृष्टीने बघतो. तो एकाच मशीनवरच्या कामांचं आपसातलं नातं पाहतो. पॅकेज बसलं नाही, तर त्या पॅकेजची सेटिंग फाइल आणि त्याची सेवा सुरू करणं, ही त्याच्यावर अवलंबून असलेली कामं तो वगळतो आणि तसं लिहूनही ठेवतो. ज्यांचा त्या पॅकेजशी संबंध नाही ती कामं मात्र करतो. शिवाय पपेटचा एजंट मशीनवरच राहतो आणि दर 30 मिनिटांनी परत बघतो. सकाळी नेट नव्हतं म्हणून राहिलेलं काम नेट आल्यावर कुणी न सांगता होऊन जातं.

शेफ कडक आहे. त्याच्या पाककृतीतली एक पायरी बिघडली की त्या मशीनवरची पूर्ण फेरी तिथेच थांबते, पुढचं काहीच होत नाही. फोडणी करपली तर पुढे डाळ ओतायची नाही, असा हिशोब. सॉल्ट साधारण पपेटसारखा. अवलंबून असलेलं थांबवतो, बाकीचं चालू ठेवतो, आणि ‘हे पडलं तरच हे कर’ असंही त्याला सांगता येतं.

सीएफइंजिनची भाषा मला सगळ्यात आवडली. बर्जेस यांनी 2004 च्या सुमारास ‘प्रॉमिस थिअरी’ मांडली. यादीतली प्रत्येक ओळ म्हणजे मशीनने दिलेलं वचन. मग निकाल तीनच. वचन पाळलं गेलं, डागडुजी करून पाळलं गेलं, किंवा पाळता आलं नाही. तिसरा निकाल लाजिरवाणा मानलेला नाही. तो नोंदवायचा असतो.

पुन्हा प्रयत्न कधी, आणि कधी नाही

अपयशाचे ढोबळ दोन प्रकार. एक थोड्या वेळात आपोआप जाणारं, दुसरं कितीही थांबलं तरी न जाणारं.

पहिल्यासाठी साधनांमध्ये वाट बघायची सोय असते. कुलूप दिसलं तर अ‍ॅन्सिबलचा ॲप्ट मॉड्यूल 60 सेकंद थांबून बघतो, आणि ही मुदत वाढवता येते. सर्व्हरने उत्तर दिलं नाही तर ‘पाच वेळा प्रयत्न कर, मध्ये दहा सेकंद थांब’ असं लिहिता येतं. शेफ आणि सॉल्टमध्येही असे पर्याय आहेत.

दुसऱ्या प्रकारात पुन्हा प्रयत्न म्हणजे बंद दारावर थापा मारणं. सेंटओएस 7 ही सर्व्हरवर फार वापरली गेलेली लिनक्स. तिची मुदत 30 जून 2024 ला संपली. त्यानंतर ज्या पत्त्यावरून मशीन पॅकेजांचे सर्व्हर शोधायची तो पत्ताच बंद झाला आणि पॅकेजं जुन्या संग्रहात हलवली गेली. ज्यांच्या याद्या वर्षानुवर्षं बिनबोभाट चालत होत्या त्या एकदम पडू लागल्या. यादीत एक अक्षर बदललेलं नव्हतं, बाहेरचं जग बदललं होतं. तिथे शंभर वेळा प्रयत्न करून उपयोग नव्हता. माणसाने पत्ता बदलायला हवा होता, किंवा खरं म्हणजे नवी सिस्टिम घ्यायला हवी होती.

म्हणून एरर वाचणं भाग आहे. ॲप्ट अपयशी झाला की 100 हा आकडा परत देतो. साधनाला त्यातून ‘पडलं’ एवढं कळतं. का पडलं ते खालच्या इंग्रजी ओळींत असतं, आणि त्या आपण वाचायच्या असतात.

माझी पाच मशीन

स्पर्धा संपल्यावर भाऊ काही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, “ताई, ती ओळ काढ आणि परत चालव. मग एकेक वाचू.”

दोन मशीनवर आदल्या संध्याकाळी कुलूप होतं. आपोआप अपडेट चालू होते, आणि जुन्या मशीनला त्यासाठी मिनिटापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. सकाळपर्यंत कुलूप निघालं होतं, म्हणजे रात्री अर्धा तास थांबले असते तरी पुरलं असतं. दोन मशीन वर्षभर कुणी उघडलीच नव्हती. त्यांच्याकडची यादी जुनी, ती ज्या आवृत्तीची फाइल मागत होती ती सर्व्हरवर उरलेली नव्हती, म्हणून 404. ‘आधी यादी ताजी कर’ ही एक ओळ मी लिहायला विसरले होते. पाचव्या मशीनची डिस्क कुणाच्या तरी सिनेमांनी भरली होती.

पाचही दुरुस्त झाली. पॅकेजं बसली. तरी कीबोर्डच्या मेनूत मराठी दिसेना! हे कोडं सुटायला आम्हाला एक तास लागला.

झालं असं होतं. माझ्या यादीत पहिलं काम होतं कीबोर्डची सेटिंग फाइल ठेवणं, आणि ‘ही फाइल बदलली तर शेवटी मशीन रीस्टार्ट कर’ अशी सूचना. अशा सूचनेला अ‍ॅन्सिबलमध्ये हँडलर म्हणतात. दुसरं काम पॅकेज बसवणं. पहिल्या फेरीत फाइल बदलली, रीस्टार्टची नोंद झाली, पण पॅकेज पडलं म्हणून ते मशीन फेरीतून बाहेर गेलं आणि रीस्टार्ट राहून गेलं. पुढच्या फेरीत फाइल आधीच जागेवर होती. साधन म्हणालं, ‘बदल नाही.’ बदल नाही म्हणून रीस्टार्टही नाही. म्हणजे जो गुण मी वर कौतुकाने सांगितला तोच इथे आडवा आला. उपाय आहे. काम पडलं तरी हँडलर चालव असं अ‍ॅन्सिबलला सांगता येतं. त्याहून बरं म्हणजे पॅकेज आधी आणि फाइल नंतर ठेवायची. आम्ही क्रम बदलला.

आता त्या ‘इग्नोर एरर्स’बद्दल. ती ओळ वाईट नाही. एखादं काम नाही झालं तरी खरंच चालणार असेल तिथे ती वापरतात. पण मी ती ज्या कामावर लावली त्याच्यासाठीच तर सगळी खटपट होती. अ‍ॅन्सिबलमध्ये ‘रेस्क्यू’ नावाची सोय आहे. काम पडलं तर दुसरा मार्ग वापर, निदान कुठल्या मशीनवर पडलं ते एका फाइलीत लिहून ठेव. ते मी करू शकले असते. मग सरांना ‘19 झाले, 5 राहिले’ असा मेसेज गेला असता, आणि सकाळी त्या पाच खुर्च्यांवर कुणाला बसवलंच नसतं.

एक गोष्ट नंतर लक्षात आली. त्या हिरव्या तक्त्यात प्रत्येक मशीनपुढे आकडे असतात. किती नीट, किती बदलले, किती पडले, आणि शेवटी किती दुर्लक्षिले. त्या पाच मशीनपुढे ‘इग्नोर्ड 1’ असं स्पष्ट लिहिलेलं होतं. साधनाने काही लपवलं नव्हतं. मी फक्त रंग बघितला.

आता लॅबच्या यादीत शेवटी आणखी एक काम आहे. बसवून झाल्यावर प्रत्येक मशीनला विचारायचं, ‘मराठी कीबोर्ड दिसतोय का?’ उत्तर नाही आलं तर ते मशीन लाल दाखवायचं. आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी कुणीतरी 24 ही खुर्च्यांवर बसून एकेक वाक्य टाइप करून बघतं. मागच्या वेळी ते मीच केलं.

त्या मुलीची माफी मी मागितली आहे. ती म्हणाली, “जाऊ दे ना ताई, कथा तर आहेच ना.” तिचं ते रफ पान मी घेतलं आणि दुरुस्त झालेल्या त्याच पाचव्या मशीनवर बसून टाइप केलं, अहिराणी संवाद जसेच्या तसे. तिने वाचून दोन चुका काढल्या. कथा संपादकांकडे दिली आहे.